कोकराचा चौथा महिना

खराडीत नोकरीला असणाऱ्यांनी हे दृश्य एकदा तरी पाहिलेलं असेल. दोन काचेच्या इमारतींच्या मध्ये एखादा प्लॉट पत्र्याचं कुंपण घालून वर्षानुवर्षं तसाच पडलेला असतो. त्यात बाभळी आणि रानगवत माजलेलं असतं. एका सकाळी त्या पत्र्याची एक बाजू वाकलेली दिसते आणि आत शंभरएक मेंढरं खाली माना घालून चरत असतात. कडेला तट्टू उभं असतं, त्याच्या पाठीवर बिऱ्हाड आणि बिऱ्हाडाच्या वर कोंबडीशेजारी नुकतं जन्मलेलं, अजून नीट चालता न येणारं कोकरू. दुपारी कंपनीची बस येते, लोक खिडकीतून फोटो काढतात. संध्याकाळी प्लॉट पुन्हा रिकामा होतो. राहतात त्या लेंड्या.

त्या कोकराला लस मिळाली आहे का, हा प्रश्न त्या बसमधल्या कुणाला पडत नाही आणि पडण्याचं कारणही नाही. पण हा प्रश्न विचारण्याची सुरुवात खराडीपासून फार दूर झालेली नाही. मुळा-मुठेच्या काठाने प्रवाहाच्या उलट दिशेने दहाएक किलोमीटर वर गेलं की संगम लागतो. संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. १८८९ साली त्याचं नाव कॉलेज ऑफ सायन्स होतं, आणि त्या वर्षी ९ डिसेंबरला तिथे इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. आज बरेलीजवळ इज्जतनगरला जी भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे, तिचा जन्म हा. पुणेकर आपल्याकडे काय काय पहिल्यांदा झालं याच्या याद्या करण्यात वाकबगार, पण या यादीत ही प्रयोगशाळा सहसा नसते.

प्रयोगशाळा काढली ती गाई-बैलांसाठी. कारण होतं बुळकांडी. या रोगाला इंग्रज कॅटल प्लेग म्हणत, आणि नाव चुकीचं नव्हतं. जनावराला ताप भरायचा, नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, हिरड्या आणि जीभ सोलून निघायची, मग पातळ, दुर्गंधी हगवण. आठ-दहा दिवसांत दावण रिकामी. रोग कधी न पाहिलेल्या कळपात तो शिरला तर शंभरातली ऐंशी-नव्वद जनावरं जात. बैल मेला की नांगर थांबला, मोट थांबली, गाडी थांबली आणि शेतसाराही थांबला. शिवाय लष्कराची तोफ आणि रसद ओढायला बैलच लागायचे. पुण्यात १८६२ मध्येच लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली होती ती उगाच नव्हे. १८६८ मध्ये सरकारने जनावरांच्या साथींची चौकशी करायला आयोग नेमला, त्यावर हॅलन हे लष्करी पशुवैद्य प्रमुख होते. १८७१ च्या त्यांच्या अहवालानंतरही प्रयोगशाळा निघायला अठरा वर्षं लागली. सरकारी कामाचा वेग हा विषय तेव्हाही नवा नव्हता.

पहिले इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिस्ट म्हणून आल्फ्रेड लिंगार्ड आले. पण दाट वस्तीच्या गावात, कॉलेजच्या खोल्यांमध्ये, बुळकांडीसारखा रोग पाळून ठेवणं म्हणजे पेंढीजवळ निखारा ठेवण्यासारखं. उष्णताही आड येत होती. १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली, साडेसात हजार फुटांवर, जिथे चहूबाजूंनी जंगल आणि जवळ कुणाची गोठे-वस्ती नाही. पुण्याच्या वाट्याला जेमतेम चार वर्षं आली.

मुक्तेश्वरला १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख येऊन गेले. आदल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीने हाहाकार केला होता, तिथे कॉखने रोगी जनावराचं पित्त निरोगी जनावराला टोचून प्रतिकार निर्माण करण्याची पद्धत बसवली होती. तिथून जर्मन सरकारने त्यांना मुंबईला पाठवलं ते माणसांच्या प्लेगसाठी. ते साल आपल्या लक्षात आहे ते वेगळ्या कारणाने: पुण्यातला प्लेग, रँडची घरझडती आणि २२ जूनची गणेशखिंड. त्याच महिन्यांत तिकडे डोंगरात गुरांच्या प्लेगचा विचार चालू होता. १८९९ मध्ये मुक्तेश्वरने बुळकांडीवरचं प्रतिसीरम तयार करून बाहेर पाठवायला सुरुवात केली. सीरम म्हणजे उसनी प्रतिकारशक्ती. दुसऱ्या जनावराच्या रक्तातून आणलेली, म्हणून काही आठवडेच टिकणारी. हा उसनवारीचा मुद्दा लक्षात ठेवावा, कोकराच्या गोष्टीत तो परत येणार आहे.

या सगळ्यात मेंढी कुठेच नव्हती. मराठीतही गुरंढोरं म्हटलं की गाई, बैल, म्हशी. शेरडं-मेंढरं वेगळी, खालच्या ओळीतली. शेळीला निदान गरिबाची गाय म्हणतात. मेंढीला तेवढंही नाव नाही.

शेळी मात्र प्रयोगशाळेत लवकर शिरली, पण रोगी म्हणून नाही. विसाव्या शतकाच्या विशीत मुक्तेश्वरचे संचालक होते जे. टी. एडवर्ड्स. बुळकांडीचा विषाणू जिवंत ठेवण्यासाठी तो एका बैलातून दुसऱ्या बैलात असा फिरवत राहावा लागे, आणि बैलाच्या रक्ताबरोबर गोचीड-तापासारख्या दुसऱ्या रोगांचे परजीवीही सोबत यायचे. ते गाळून काढायला एडवर्ड्सने विषाणू शेळ्यांमधून फिरवायला सुरुवात केली. एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, शेकडो फेऱ्या. फेऱ्यांमागून फेऱ्या गेल्यावर लक्षात आलं की शेळीत रुळलेला हा विषाणू बैलाला टोचला तर बैल थोडा आजारी पडतो, पण मरत नाही, आणि पुढे बुळकांडी त्याला शिवत नाही. हीच शेळी-ऊतक लस. रोग दिलेल्या शेळीची प्लीहा काढायची, वाळवायची, पूड करायची, कुपीत भरायची. १९५४ मध्ये देशाने राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू केला तो याच पुडीच्या भरवशावर.

म्हणजे स्वतंत्र भारतातल्या गाई-बैलांच्या पहिल्या मोठ्या लसीकरणामागे शेळीची प्लीहा होती. गोरक्षणाच्या इतिहासात हे वाक्य कुणी लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही.

दरम्यान शेळ्या-मेंढ्या स्वतः एका रोगाने मरत होत्या आणि त्या मरणाला स्वतःचं नावसुद्धा नव्हतं. ताप, नाकाला शेंबूड, डोळ्यांना चिपाडं, तोंडात चट्टे, हगवण, आणि मग धाप लागून मरण. लक्षणं बुळकांडीची, त्यामुळे नोंदही बुळकांडीची. शेळ्या-मेंढ्यांनाही कधीकधी गाईंकडून बुळकांडी होते हे माहीत होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. उलट मेंढ्यांवरच संशय होता. देशातून बुळकांडी जाता जाता जात नाही, तर ती दक्षिणेतल्या मेंढ्यांच्या कळपांत दबा धरून बसली असेल, असं बोललं जाई. आरोपी आणि रोगी एकच होते, आणि खटला चालला होता फक्त पहिल्या नात्याने.

पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टमध्ये १९४२ सालीच गार्गादेनेक आणि लालान या दोन फ्रेंच पशुवैद्यांनी पाहिलं होतं की शेळ्या बुळकांडीसारख्या रोगाने मरतात, पण शेजारी बांधलेल्या गाईंना काही होत नाही. त्यांनी त्याला दिलेल्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘लहान रवंथ करणाऱ्यांची महामारी’ एवढाच. त्या नावाची आद्याक्षरं म्हणजे पीपीआर. आज पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय संस्थेतल्या साहेबापासून माळशिरसच्या मेंढपाळापर्यंत सगळे हाच शब्द वापरतात. मराठीत काहीजण शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी म्हणतात. पण मला वाटतं त्या नावात जुनाच घोटाळा राहतो.

भारतात हा घोटाळा सुटला १९८७ मध्ये, तमिळनाडूत विल्लुपुरमजवळच्या आरसूर गावी. तिथल्या मेंढ्यांमधल्या साथीचा विषाणू तपासला तेव्हा तो बुळकांडीचा नाही, पीपीआरचा आहे, हे सिद्ध झालं. १९८९ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एम. एस. शैला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ब्रिटनच्या ‘व्हेटरिनरी रेकॉर्ड’मध्ये छापलं. काही वर्षं वाटलं की हा दक्षिणेपुरता प्रश्न आहे. १९९४ च्या आसपास उत्तरेतल्या राज्यांतून साथींच्या बातम्या आल्या आणि ते समाधान गेलं. १९९६ मध्ये त्याच नियतकालिकात भारतातल्या शेळ्यांमधल्या पीपीआरवर टिपण आलं, त्याच्या लेखकांत शैला यांच्यासोबत कुलकर्णी, भिकाणे, आपटे, नार्लादकर अशी मराठी आडनावं आहेत.

इथे एक विचित्र पेच उभा राहिला, आणि मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सर्वांत रंजक वाटतो.

पीपीआर आणि बुळकांडी हे सख्खे चुलत भाऊ. माणसाचा गोवर आणि कुत्र्याचा डिस्टेंपर हेही त्याच घरातले. इतके जवळचे की एकाची लस दुसऱ्यापासून वाचवते. वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात पेशी-संवर्धनातून बुळकांडीची नवी, सौम्य लस बनवली होती. ती शेळ्या-मेंढ्यांना टोचली की पीपीआर होत नसे. आफ्रिकेत तेच चाललं होतं, आपल्याकडेही. म्हणजे मेंढीला मिळाली तीही गाईचीच लस.

पण नव्वदच्या दशकात देश बुळकांडी संपवण्याच्या शेवटच्या टप्प्यात आला. शेवटची साथ १९९५ मध्ये झाली. आता जगाला पटवायचं होतं की रोग गेला. पटवायचं कसं? आधी लस बंद करायची. मग लस बंद झाल्यावर जन्मलेल्या जनावरांचं रक्त गोळा करायचं आणि त्यात बुळकांडीविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का ते पाहायचं. जे जनावर लस मिळण्याच्या काळानंतर जन्मलं आणि तरी ज्याच्या रक्तात प्रतिपिंडं आहेत, त्याला ती रोगानेच दिलेली असणार. अशी एक जरी खूण सापडली तरी विषाणू कुठेतरी जिवंत आहे. या हिशेबात शेळ्या-मेंढ्यांना बुळकांडीची लस टोचत राहिलं तर पुरावाच गढूळ होतो. मेंढीच्या रक्तात बुळकांडीची प्रतिपिंडं सापडली तर ती लशीची की रोगाची, कोण सांगणार?

म्हणून गाईला रोगमुक्त ठरवण्यासाठी मेंढीची लस काढून घेतली गेली. शास्त्र म्हणून ते बरोबर होतं, दुसरा मार्ग नव्हता. पण पीपीआर पसरत असताना मेंढी काही वर्षं उघड्यावर राहिली, हेही खरं. भारताला बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त असा दर्जा मिळाला २००६ च्या मे महिन्यात. २०११ मध्ये जगातून बुळकांडी संपल्याची घोषणा झाली. माणसाने पृथ्वीवरून पुसलेला देवीनंतरचा हा दुसराच रोग. पेढे वाटावेत असा दिवस, पण वर्तमानपत्रात बातमी आतल्या पानावर आली.

मेंढीची स्वतःची लस या पेचातून जन्मली. हिमाचलमधल्या सुंगरी इथल्या शेळ्यांमधून १९९६ मध्ये पीपीआरचा विषाणू मिळाला होता. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत, म्हणजे पुण्याहून गेलेल्या त्याच घरात, तो माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या पेशींवर साठएक वेळा वाढवून सौम्य करण्यात आला. ती सुंगरी-९६ लस. तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाने आरसूरच्या विषाणूपासून आपली वेगळी लस केली. एक मिलिलिटर, कातडीखाली, एकदा. टिकाऊपणा उत्तम: सुंगरी लशीची प्रतिकारशक्ती सहा वर्षांपर्यंत टिकल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे. मेंढीचं उपयोगी आयुष्य पाहता हे जवळजवळ जन्मभर झालं. एका टोचणीत काम. मग अडचण कुठे आली?

अडचण चिकात आहे.

कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात लढायला काहीच नसतं. पहिल्या काही तासांत ते आईचा चीक पितं, आणि त्या चिकातून आईच्या रक्तातली तयार प्रतिपिंडं त्याच्या आतड्यातून थेट रक्तात जातात. एका दिवसानंतर आतड्याची ती दारं बंद होतात. म्हणून मेंढपाळ कोकरू उभं राहायच्या आत त्याचं तोंड सडाला लावतात. आईला लस मिळालेली असेल, किंवा तिने रोग काढलेला असेल, तर कोकराला पीपीआरपासून संरक्षण आयतं मिळतं. पण ते उसनं. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेने गाईंना दिलेल्या सीरमसारखं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ते झिजत झिजत संपतं.

आणि पेच असा की हे उसनं संरक्षण शिल्लक असताना लस टोचली तर आईची प्रतिपिंडं लशीतल्या जिवंत विषाणूलाच मारून टाकतात. कोकराचं शरीर काही शिकण्याआधीच धडा पुसला जातो. वहीत टोचल्याची नोंद होते, रक्तात काहीच उमटत नाही. उलट उशीर झाला तर मधल्या काळात कोकरू रिकामं, आणि साथ असेल तर तेच पहिलं जातं. तेव्हा लस द्यायची ती साधारण चौथ्या महिन्यात, खिडकी उघडते तेव्हा. ही खिडकी प्रत्येक कोकराची वेगळी, कारण प्रत्येक आईच्या चिकाची ताकद वेगळी, कुणी पोटभर प्यालेलं, कुणी जुळ्यातलं दुबळं असल्याने अर्धपोटी राहिलेलं.

यावर एकच इलाज: टोचल्यावर रक्त तपासून पाहायचं. मानेच्या शिरेतून थोडं रक्त, ते साकळू देऊन वर आलेलं सीरम बर्फात, सोबत चिठ्ठीवर गाव आणि वय. वय विचारून कळतंच असं नाही, म्हणून ओठ उचलून दात पाहायचे. दुधाचे दात की दोन दाती, यावर हिशेब बदलतो. लस देण्याआधी एकदा, आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा.

चाचणीचं नाव स्पर्धात्मक एलायझा. मुक्तेश्वरला तिचं देशी किट तयार झालं. कल्पना सोपी आहे. एका छोट्या खळग्याच्या तळाशी विषाणूचे कण चिकटवलेले असतात. त्यात कोकराचं सीरम ओतायचं आणि सोबत प्रयोगशाळेत बनवलेलं, रंग देऊ शकणारं प्रतिपिंड. दोघांची जागेसाठी मारामारी. कोकराच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर असतील तर ती सगळ्या जागा आधी अडवतात, प्रयोगशाळेच्या प्रतिपिंडाला बसायला जागा राहत नाही, आणि रंग उमटत नाही. रंग फिका म्हणजे कोकरू सुरक्षित. रंग गडद म्हणजे लस वाया. दिवाळीतल्या एस.टी.त रुमाल टाकून जागा धरणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

एवढं असूनही ही चाचणी एक गोष्ट सांगू शकत नाही. प्रतिपिंडं लशीची, रोगाची की आईच्या चिकाची, हे तिला कळत नाही. तिथे पुन्हा दात आणि वही. लस कधीच न मिळालेलं, आठ महिन्यांचं कोकरू, म्हणजे आईची उसनवारी संपलेलं. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली तर विषाणू त्या रानात फिरून गेलेला आहे. बुळकांडीच्या शेवटच्या वर्षांत वासरांच्या रक्ताने जी साक्ष दिली, तीच साक्ष आता कोकराकडून घ्यायची असते. म्हणून काही कोकरं तपासायची ती लस चालली का हे पाहायला, आणि काही तपासायची ती रोग उरला का हे पाहायला. दोन कामं, एकच सुई. अनेक अहवालांत ही दोन्ही कामं एकमेकांत मिसळलेली दिसतात, आणि मग आकड्यांतून काहीच निघत नाही.

केंद्राचा पीपीआर नियंत्रण कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. पहिल्या टप्प्यात दक्षिणेतली राज्यं होती आणि त्यांच्यासोबत महाराष्ट्र व गोवा. आधी सगळा कळप टोचायचा, मग पुढच्या पिढ्यांतली कोकरं टोचत राहायची, अशी आखणी. कागदावर निर्दोष. पण मेंढ्यांच्या कळपाला गाईच्या गोठ्याचा हिशेब लागू पडत नाही. समजा शंभर मेंढ्यांत ऐंशी सुरक्षित आहेत. साथ थोपवायला सत्तर-ऐंशी टक्के पुरतात असं मानतात, तेव्हा हे छान झालं. वर्षभरात त्यातली पस्तीस जनावरं गेली: नर खाटकाकडे, म्हाताऱ्या मेंढ्या बाजारात, काही कोल्ह्या-लांडग्यांना आणि रस्त्यावरच्या ट्रकना. त्यांच्या जागी पस्तीस नवी कोकरं आली. कोणी काही चूक केलेली नाही, पण सुरक्षितांची संख्या ऐंशीवरून बावन्नवर आली. भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरावं तसं. गाईला दरवर्षी एक वासरू, तेही घरच्या दावणीला, सगळ्यांच्या नजरेसमोर. इकडे कळप दोन-तीन वर्षांत बदलून जातो, आणि तो घरी नसतो.

घरी नसतो, हा दुसरा पेच. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच मेंढ्यांचं घर म्हणजे वाटच. पाऊस संपला की धनगरांचे वाडे निघतात. वाडा म्हणजे इमारत नव्हे: काही कुटुंबं, त्यांचे कळप, तट्टं, कुत्री आणि रात्री मेंढरं कोंडायची वाघूर, म्हणजे जाळी. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडी-मुताचं खत द्यायचं, बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, पुढे जायचं. दख्खनी मेंढी याच चालीसाठी घडलेली आहे: काटक, दिवसाला कोसभर सहज जाणारी, काळ्या लोकरीची. तिची घोंगडी मराठ्यांच्या घोड्यांवर होती आणि विठोबाच्या वारीतही आहे.

आता जनावरांचे दवाखाने पाहा. ते गावाला आणि तालुक्याला बांधलेले. डॉक्टरांकडे आपल्या हद्दीतल्या जनावरांची संख्या असते, तेवढ्या लशीच्या कुप्या येतात. थर्मासमध्ये बर्फ घालून आणलेली कोरडी लस एकदा द्रावणात मिसळली की दोन-तीन तासांत संपवावी लागते, त्यामुळे कळप सकाळीच, चरायला सुटायच्या आत गाठावा लागतो. वाडा ज्या दिवशी टोचणीसाठी हवा असतो त्या दिवशी तो दोन तालुके पलीकडे असतो. कोकरू जन्मलं शिरूरकडे, दूध प्यालं वाघोलीच्या माळावर, चौथ्या महिन्यात आहे मुळशीत. तीन हद्दी, तीन वह्या. आणि रक्ताचा दुसरा नमुना महिन्याने घ्यायचा असतो तो कुठे? पूर्वी गावात पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत. पुढच्या गावाने तो पुढे ढकलायचा. हद्दीचं तत्त्व फारसं बदललेलं नाही.

या पेचावर गावपातळीवर काम करणारे लोक आहेत. पुण्यातून काम करणाऱ्या ‘अंत्रा’ या संस्थेने नव्वदच्या दशकापासून दख्खनी मेंढी आणि धनगर यांच्याबरोबर राहून त्यांच्या वाटा, त्यांची औषधं आणि त्यांच्या जनावरांचे रोग समजून घेतले. वाड्याला लस द्यायची असेल तर वाड्याची वाट पाठ हवी, ही साधी गोष्ट सरकारी परिपत्रकात अजून नीट उतरलेली नाही. मेंढपाळही लशीवर नेहमी विश्वास ठेवतो असं नाही. आधीच विषाणू अंगात मुरत असताना टोचलेलं जनावर चार दिवसांनी मेलं, की दोष सुईवर जातो. त्याच्या बाजूने पाहिलं तर तो चूक नाही. त्याने सुई पाहिली, मरण पाहिलं. मधला विषाणू त्याला कुणी दाखवला नाही, आणि नंतर कळपातल्या बाकीच्यांचं रक्त तपासून ‘तुझी मेंढरं आता सुरक्षित आहेत’ असा कागदही त्याच्या हातात कुणी दिला नाही. तपासणीचे निकाल दिल्ली-बंगळूरला जातात. ज्याच्या मेंढीचं रक्त काढलं त्याच्याकडे ते परत येताना मी ऐकलेलं नाही.

२०२२ मध्ये गाईंमध्ये लंपी आला. टीव्हीवर रोज आकडे, गोठ्यांची फवारणी, बाजार बंद. लंपीची स्वतःची लस हाताशी नव्हती. तेव्हा राज्यातल्या गाई-बैलांना टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस, कारण दोन्ही विषाणू एकाच घरातले. त्या वर्षाच्या शेवटी लंपीच्या नव्या लशीचं तंत्र औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्याचा करार नागपुरात झाला. पुन्हा शेळीच्या उसनवारीवर गाय वाचली. एडवर्ड्स असते तर हसले असते.

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक पशुआरोग्य संघटना यांनी २०१५ मध्ये आबिजान इथे ठरवलं की २०३० पर्यंत पीपीआर जगातून संपवायचा. आबिजान हे त्याच आयव्हरी कोस्टमधलं, जिथे रोगाला पहिल्यांदा नाव मिळालं. मंगोलियात मेंढ्यांमधून हा रोग २०१६-१७ मध्ये दुर्मीळ सायगा हरणांत गेला आणि हजारो हरणं मेली. २०२४ च्या जुलैमध्ये तो रुमानिया आणि ग्रीसमध्ये उगवला. म्हणजे शत्रू दमलेला नाही. २०३० फार लांबही नाही.

खराडी १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आली. त्याआधी ती नदीकाठच्या शेतीच्या गावांपैकी एक होती, आणि मेंढरं बसवायला वाडे येत ते रानात. आता रान उरलं नाही, पण वाट उरली. नगर रस्त्याने येणारे कळप अजूनही नदीकडे वळतात, कारण मेंढ्यांना जुनी वाट आणि पाणी लक्षात असतं आणि माणसांना दुसरी वाट उरलेली नाही. शहरात असल्याने हे कळप गावाच्या दवाखान्याच्या वहीत बसत नाहीत, आणि शहराच्या वहीत कुत्र्या-मांजरांच्या पुढे पान नाही. संगमावर जिथून हा सगळा उद्योग सुरू झाला, तिथून दहा किलोमीटरवर, आईचा चीक संपलेलं आणि लस न मिळालेलं कोकरू काचेच्या सावलीत चरत असतं.

खराडीत राहणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या वाचकांना एकच सांगायचं आहे. प्लॉटवर मेंढरं दिसली, त्यात एखादं नाकातून शेंबूड गाळत, मान टाकून उभं असेल, तर फोटो काढून झाल्यावर १९६२ हा क्रमांक लावा. तो राज्याच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे, फोन फुकट लागतो. आणि वाड्यातल्या कारभाऱ्याला विचारा, इथे किती दिवस मुक्काम आहे. पथकाला ते आधी कळायला हवं.